अकरा पायऱ्यांच्या पोटातल्या दोन

प्रश्न असा आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात रोबोटिक्सचा क्लब आहे. रोबोटचा कोड सी आणि सी प्लस प्लसमध्ये आहे, आणि तो बिल्ड करून, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणून, रोबोटच्या बोर्डवर चढवायला अकरा पायऱ्या लागतात. दर वर्षी एसईची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची, वीस-पंचवीस मुलं उत्साहाने येतात, पहिले आठ-दहा दिवस बिल्डशीच झुंजतात आणि त्यातली निम्मी पुन्हा फिरकत नाहीत. क्लब सांभाळणाऱ्या सरांना वाटतं, सगळं एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आपोआप ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये, घालून द्यावं. त्यांच्या सहकारी मॅडम म्हणतात, आम्ही झगडूनच शिकलो, आयतं ताट वाढलं तर या मुलांना काही येणार नाही.

सर, तुम्ही ती अकरा पायऱ्यांची यादी सोबत जोडलीत हे फार बरं केलंत. मी गेली चोवीस वर्षं यंत्रांच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहिते आणि त्यातली निम्मी वर्षं शनिवारी-रविवारी मुलांना शिकवते. अशा याद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तुमची यादी वाचताना मी प्रत्येक पायरीपुढे एकच प्रश्न लिहीत गेले: ही पायरी हाताने केल्यावर मुलाला प्रोग्रॅमबद्दल नवीन काय कळलं?

कंपायलर उतरवून घेणे. त्याची नेमकी तीच आवृत्ती शोधणे. पाथमध्ये, म्हणजे संगणक जिथे जिथे प्रोग्रॅम शोधतो त्या यादीत, त्याचा पत्ता घालणे. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावणे. कोड क्लोन करणे. सबमॉड्यूल, म्हणजे दुसरीकडे ठेवलेले कोडचे भाग, वेगळे आणणे. पोर्टला परवानगी देणे. बिल्डचा फोल्डर बनवणे. मेकसाठी सूचनांची फाइल बनवणाऱ्या सीमेकला पाच लांबलचक पर्याय देणे. मेक चालवणे. बोर्डवर चढवणे. यातल्या पहिल्या आठ पायऱ्यांपुढे माझं उत्तर ‘काही नाही’ असं आलं. नवव्या पायरीत शिकण्यासारखं आहे, पण पाच पर्याय व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवल्याने ते कळत नाही. आणि ज्या दोन गोष्टी मुलाला खरोखर कळायला हव्यात, कंपाइल करणं (प्रत्येक फाइल यंत्राच्या भाषेत आणणं) आणि लिंक करणं (ते तुकडे जोडून एक प्रोग्रॅम बनवणं), त्यांची नावंसुद्धा यादीत नाहीत. त्या दोन्ही दहाव्या पायरीच्या पोटात आहेत, आणि ती पायरी म्हणजे मुलाच्या दृष्टीने चार अक्षरं टाइप करून एंटर मारणं.

म्हणजे तुमची पद्धत लांब आहे, कष्टाची आहे, आणि जे शिकवायचं तेच तिने झाकून ठेवलं आहे. मॅडमना वाटतं की मुलं बिल्ड शिकताहेत. मुलं पाथ लावायला शिकताहेत. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: पहिल्या आठ पायऱ्या (पोर्टची परवानगी सोडून, तिच्याबद्दल पुढे सांगते) नुसत्या झाकू नका, मुळातूनच काढून टाका. आणि दहावी पायरी फोडा.

मॅडमच्या बोलण्यात खरं काय आहे, ते आधी मान्य करते. माझ्या पिढीने टर्बो सीवर सी शिकली. निळा पडदा, कंट्रोल एफ-नऊ दाबलं की प्रोग्रॅम चालतो. महाराष्ट्रातल्या असंख्य कॉलेजांत हीच पद्धत होती, आणि मूळचं टर्बो सी जुनं झाल्यावरही डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसचे प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवणाऱ्या साधनात, घालून ते पुढे बरीच वर्षं वापरलं गेलं. एका कळीत सगळं. मी बीई झाले तेव्हा लिंकर नावाचा वेगळा प्रोग्रॅम असतो हे मला धड माहीत नव्हतं. तेव्हा एका कळीने मुलं कोरी राहतात ही मॅडमची भीती मला अनुभवाने पटते.

पण त्या टर्बो सीचा मेनू आठवून पाहा. ‘कंपाइल’ नावाच्या मेनूत कंपाइल, मेक, लिंक, बिल्ड ऑल असे वेगवेगळे पर्याय एकाखाली एक दिलेले होते. झाकलेलं काहीच नव्हतं. चार वर्षं तो मेनू रोज डोळ्यांसमोर होता आणि एकाही प्रॅक्टिकलला कुणी त्यावर बोट ठेवून म्हणालं नाही की हे दोन शब्द वेगळे का आहेत ते सांग. गोष्ट समोर मांडून ठेवली म्हणजे ती शिकवली, असं होत नाही.

ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला तर ही संधी आयती चालून यायची. वर्तुळ काढायचा प्रोग्रॅम. वर ग्राफिक्स डॉट एच या हेडर फाइलचं नाव लिहिलेलं असायचं. हेडरच्या फोल्डरचा पत्ता चुकला असेल तर कंपायलर म्हणायचा, इन्क्लूड फाइल उघडता येत नाही. तो सुधारला की पुढची पाटी यायची: लिंकर एरर, अनडिफाइन्ड सिम्बॉल, आणि पुढे अंडरस्कोर लावलेलं, ग्राफिक्स सुरू करणाऱ्या इनिटग्राफ या फंक्शनचं नाव. मग कुणीतरी सीनियर यायचा, ऑप्शन्समध्ये जाऊन लिंकर, लायब्ररीज, ग्राफिक्स लायब्ररी असं करत एक खूण करायचा, आणि पाटी जायची. प्रोग्रॅम चालू व्हायचा आणि लगेच तिसरी पाटी: बीजीआय एरर, ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड. मग इनिटग्राफच्या कंसात बीजीआय फोल्डरचा पत्ता दोन-दोन तिरक्या रेघा देऊन लिहायचा, आणि मग वर्तुळ.

आम्ही हे मंत्रासारखं पाठ केलं होतं. आज विचार करते तेव्हा वाटतं, बिल्ड शिकवायला याहून सुंदर धडा मिळणार नाही. तीन चुका, तीन वेगळ्या वेळी, तीन वेगळ्या प्रोग्रॅमनी पकडलेल्या. हेडर सापडत नाही तेव्हा अजून कंपाइलही झालेलं नाही. हेडर म्हणजे फक्त ‘असं असं फंक्शन आहे’ हे आश्वासन. लिंकर तक्रार करतो तेव्हा कंपाइल झालेलं आहे, पण आश्वासन दिलेलं फंक्शन प्रत्यक्षात कुठे आहे ते कुणी त्याला सांगितलेलं नाही. आणि तिसरी पाटी येते तेव्हा बिल्ड संपून गेलेलं आहे. चालू प्रोग्रॅम डिस्कवर ईजीएव्हीजीए डॉट बीजीआय नावाची ड्रायव्हरची फाइल शोधतो आहे आणि ती त्याला मिळत नाही. त्या दोन-दोन तिरक्या रेघांनाही कारण होतं. पत्ता लहान अक्षरांत आणि एकेका रेघेने लिहिला, तर टीसीच्या आधीची रेघ आणि टी मिळून टॅब होतो, बीजीआयच्या आधीची रेघ आणि बी मिळून बॅकस्पेस होतो, आणि संगणकाला भलताच पत्ता मिळतो. हे सगळं सांगायला वीस मिनिटं लागली असती. ती वीस मिनिटं आम्हाला कुणी दिली नाहीत, आणि ते सहा तासांचं प्रॅक्टिकल त्यांची भरपाई करू शकलं नाही.

म्हणून ‘झगडल्याशिवाय येत नाही’ या वाक्याला माझा प्रश्न असतो: कशाशी झगडल्याशिवाय? आम्ही त्या पाट्यांशी झगडलोच होतो, पण हातात काय आलं? मेनूतली खूण कुठे करायची एवढंच. जॉन स्वेलर या ऑस्ट्रेलियन शिक्षण-मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. शिकणाऱ्याच्या डोक्यात एका वेळी थोडंच मावतं. ती जागा उत्तर शोधण्याच्या खटपटीतच भरून गेली, तर मूळ विषय समजून घ्यायला जागा उरत नाही, आणि खटपट यशस्वी झाली तरी शिकणं घडलेलं नसतं. पाथ लावून लावून थकलेल्या मुलाला संध्याकाळी लिंकर समजावून सांगून पाहा, म्हणजे हे कळेल.

गळून गेलेली निम्मी मुलं कोण होती, हेही एकदा नीट पाहा. माझ्या अनुभवात बुद्धी कमी असलेली मुलं गळत नाहीत. जुना, चार जीबी मेमरीचा लॅपटॉप असलेली गळतात. वसतिगृहात रोजच्या डेटा पॅकवर एवढा मोठा डाउनलोड अर्ध्यात तुटला की दुसऱ्या दिवसाची वाट पाहणारी गळतात. जिच्या घरात सॉफ्टवेअरमधला भाऊ किंवा मामा नाही, आणि मराठी माध्यमातून आल्यामुळे चाळीस ओळींचा इंग्रजी एरर समोर आला की आपलंच काहीतरी चुकलं असं जिला वाटतं, ती गळते. एकदा एक मुलगी तीन शनिवार येऊन चौथ्याला आली नाही. मैत्रिणीकडून तिचा लॅपटॉप मागवून पाहिला. कोड डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’ नावाच्या फोल्डरात ठेवला होता. न्यू आणि फोल्डर यांच्यामध्ये जागा आहे, आणि मेकला नावातली मोकळी जागा पचत नाही. तिची चूक एवढीच. तिने तीन शनिवार स्वतःला मठ्ठ समजून काढले. त्या दिवसापासून माझ्या तपासणी स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ हीच आहे: पत्त्यात मोकळी जागा असेल तर थांब आणि मराठीत सांग.

आता सरांच्या बाजूचा धोका. सगळं एका स्क्रिप्टमध्ये घालून ती बंद केली की काय होतं, ते मी किंमत मोजून शिकले आहे. माझ्या दुसऱ्या नोकरीत, कंपनीचं नाव घेत नाही, बिल्डसाठी एक आठशे ओळींची स्क्रिप्ट होती. दोन वर्षं ती मी रोज चालवली. ती आत काय करते हे मी विचारलं नाही, कारण ती चालत होती. एका शुक्रवारी बिल्डच्या मशीनची डिस्क गेली. कोडचा बॅकअप होता, स्क्रिप्टचाही होता. नवीन मशीनवर ती चालेना. शोधता शोधता कळलं की एक लायब्ररी कुणा एका इंजिनियरच्या वैयक्तिक फोल्डरातून उचलली जात होती, तो नोकरी सोडून गेल्याला तीन वर्षं झाली होती, आणि त्या लायब्ररीचा सोर्स कुणाकडेच नव्हता. आम्ही चौघांनी ती पुन्हा लिहिली. सतरा दिवस लागले. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ज्याच्या हातून रोजचं काम व्हायचं आहे त्याच्यासमोर मूठ उघडी पाहिजे.

तेव्हा सोपं करणं वेगळं आणि झाकणं वेगळं. या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळेच तुमचा आणि मॅडमचा वाद होतो आहे.

सोपं करूनही अर्थ न झाकणारं साधन कसं असतं, याचं उदाहरण तुमच्या दहाव्या पायरीतच आहे. मेक हा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली लिहिला. त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एक दिवस वैतागून त्यांच्या खोलीत आले. त्यांची आख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. म्हणजे मेक जन्मालाच आलं ते पायऱ्या कमी करायला. पण त्याने माणसाकडून एक गोष्ट लिहून घेतली: कोणती वस्तू कशावर अवलंबून आहे.

मुलांना मी हे भाकरीवरून सांगते. भाकरी पिठावर अवलंबून, पीठ ज्वारीवर. नवी ज्वारी आणली तर दळण नव्याने आणायचं आणि भाकरी नव्याने थापायची. ज्वारी तीच असेल आणि पीठ ताजं असेल तर गिरणीत जायचं कारण नाही. मेक एवढंच करतं: फाइलींच्या वेळा पाहतं, आणि जिच्या पोटातलं काही तिच्यापेक्षा नवीन झालं असेल तीच वस्तू पुन्हा बनवतं. मुलं हसतात, पण नंतर ‘सगळं क्लीन करून (आधी बनलेलं पुसून) परत बिल्ड करू का’ असा प्रश्न विचारणं कमी होतं, कारण कधी क्लीन करावं लागतं आणि का, हे त्यांना सांगता येतं.

त्याच मेकमध्ये निव्वळ भाराचा नमुनाही आहे. आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. स्पेस दिल्या तर ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबतं. फेल्डमन यांनी सांगितलं आहे की काही आठवड्यांतच जवळपास डझनभर लोक मेक वापरू लागले होते, आणि त्यांची मांडलेली कामं मोडायला नकोत म्हणून त्यांनी तो टॅब तसाच राहू दिला. पन्नास वर्षं जगभरची मुलं त्यावर ठेचकाळताहेत. या टॅबमध्ये शिकण्यासारखं काही नाही. एडिटरमध्ये एक खूण करून द्या आणि विषय संपवा. अवलंबनाची ओळ मात्र मुलाच्या हातूनच लिहून घ्या.

दुसरं उदाहरण तुमच्या मुलांच्या ओळखीचं आहे, आर्डुइनो: एक छोटा बोर्ड आणि त्याला प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर. २००५च्या सुमारास इटलीतल्या इव्रेया गावी, डिझाइन शिकणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक्सची पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी ते आकाराला आलं. एक बटण दाबलं की दिवा लुकलुकतो. मला ते मनापासून आवडतं, कारण पहिल्या दहा मिनिटांत मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही व्याख्यानाने येत नाही. पण ते बटण आत बरंच काही करतं. तुमच्या स्केचच्या, म्हणजे आर्डुइनोतल्या प्रोग्रॅमच्या, वर आर्डुइनो डॉट एच जोडतं, फंक्शनांची आगाऊ घोषणा आपणहून लिहितं, सेटअप आणि लूप यांना हाक मारणारं मेन फंक्शन स्वतःकडचं घालतं, एव्हीआर जीसीसीने कंपाइल आणि लिंक करतं, त्याची हेक्स फाइल बनवतं, आणि एव्हीआरड्यूड नावाच्या प्रोग्रॅमने ती बोर्डवर पाठवतं.

ही मदत कधीकधी अंगावर येते. मुलगा स्वतःचा स्ट्रक्ट (अनेक मूल्यांचा एकत्र बांधलेला प्रकार) बनवतो, तो एखाद्या फंक्शनच्या कंसात वापरतो, आणि एरर येतो की असा प्रकारच अस्तित्वात नाही. स्ट्रक्ट तर वरच लिहिला आहे! घडलेलं असं असतं की आगाऊ घोषणा त्या स्ट्रक्टच्याही वर जाऊन बसलेली असते. आत काय चालतं हे माहीत नसेल तर ही चूक शोधायला जन्म जाईल. माहीत असेल तर स्ट्रक्ट वेगळ्या हेडरमध्ये हलवायचा, दोन मिनिटांचं काम.

पण आर्डुइनोने एक खिडकी ठेवली आहे. प्रेफरन्सेसमध्ये कंपाइल करतानाचा सविस्तर मजकूर दाखवण्याची खूण आहे. ती केली की प्रत्येक आज्ञा जशीच्या तशी खाली सरकताना दिसते. मी दुसऱ्या दिवशी ही खूण सगळ्यांना करायला लावते आणि मग काढू देत नाही. पहिल्यांदा मुलं घाबरतात. मी एकच प्रश्न देते: ऊनो बोर्डवरच्या चिपमध्ये ३२ केबी जागा आहे, म्हणजे ३२७६८ बाइट, मग हा म्हणतो कमाल जागा ३२२५६, मधले ५१२ कुणी खाल्ले? उत्तर बूटलोडर, म्हणजे यूएसबीवरून आलेला नवा प्रोग्रॅम चिपमध्ये उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम. तो का लागतो हे विचारत मुलं तुमच्या अकराव्या पायरीपर्यंत आपण होऊन पोचतात.

आता तुमच्या क्लबसाठी नेमकं काय करावं, ते सांगते. पहिल्या दिवशी एकच आज्ञा, आणि पंधरा मिनिटांत प्रत्येकाचा दिवा लुकलुकला पाहिजे. कंपायलर आणि बाकी सगळं ठरलेल्या आवृत्तीचं, पेन ड्राइव्हवरून द्या. डेटा पॅकचा प्रश्न तिथेच संपतो आणि आवृत्त्यांचा गोंधळही. स्वस्त ऊनोंवर सीएच३४० ही चिप असते, विंडोजवर तिचा ड्रायव्हर काही जणांकडे नसतो, तोही त्यातच ठेवा. सबमॉड्यूल आणण्याची पायरी ठेवूच नका, पूर्ण कोड एकत्र द्या. सीमेकच्या पाच पर्यायांसाठी प्रीसेट वापरा. २०२० साली आलेल्या ३.१९ आवृत्तीपासून पर्याय एका फाइलमध्ये नाव देऊन ठेवता येतात. मग मुलगा फक्त नाव देतो, आणि नावामागे काय आहे ते वाचायची फाइल त्याच्यासमोर असते.

लिनक्सवरची पोर्टची परवानगी मात्र स्क्रिप्टने गुपचूप करू नये. उबुंटू, डेबियनवर वापरणाऱ्याला डायलआउट गटात घालायचं आणि लॉगआउट करून परत यायचं, एवढंच ते आहे. पण ते प्रशासकाच्या अधिकाराने होतं, आणि आपल्या मशीनवर कुणी काय अधिकार वापरला हे मुलाला कळलं पाहिजे. परत लॉगिन करायचं विसरल्यामुळे गेलेले तास मी मोजलेले नाहीत, पण ते खूप आहेत. तेवढं ठळक लिहा.

स्क्रिप्टला माझ्या तीन अटी असतात. चालवण्याआधी ती प्रत्येक आज्ञा पूर्ण छापेल, अशी की मुलाला उचलून टर्मिनलमध्ये स्वतः चालवता येईल. पहिली चूक झाली की तिथेच थांबेल, पुढे रेटणार नाही. आणि ती एका पानाच्या वर जाणार नाही. तिसरी अट सर्वांत कडक पाळा, कारण मोठी स्क्रिप्ट कुणी वाचत नाही, आणि न वाचलेली स्क्रिप्ट माझ्या त्या जुन्या कंपनीच्या वाटेने जाते.

सगळं कंटेनरमध्ये, म्हणजे सगळी साधनं आत भरलेल्या बंद डब्यासारख्या व्यवस्थेत, घालावं का, असंही तुम्ही विचारलंय. सर्व्हरवर तपासणीसाठी जरूर घाला. नवख्या मुलाच्या विंडोज लॅपटॉपवर घालू नका. जड असतो, आणि कंटेनरच्या आतून यूएसबीवरच्या बोर्डपर्यंत पोचणं हीच एक नवी बारावी पायरी होते.

दिवा लुकलुकला की तिसऱ्या-चौथ्या बैठकीला दहावी पायरी फोडायची. स्क्रिप्ट बाजूला, मेकही बाजूला. तीन छोट्या फाइली घ्या: मेन, मोटर, सेन्सर. जीसीसीला डॅश मोठा ई देऊन नुसतं हेडर उलगडलेलं दाखवा. एका ओळीच्या हेडरमागून शेकडो ओळी येतात तेव्हा इन्क्लूड म्हणजे शब्दशः मजकूर आणून चिकटवणं, हे पुन्हा सांगावं लागत नाही. डॅश मोठा एस देऊन असेंब्ली दाखवा, पण त्यात रमू नका. मग डॅश लहान सी देऊन तिन्ही फाइलींच्या वेगवेगळ्या ऑब्जेक्ट फाइली, म्हणजे कंपाइल झालेले पण अजून न जोडलेले तुकडे, बनवा.

इथे थांबा आणि ऑब्जेक्ट फाइलमधली नावं दाखवणारा एनएम नावाचा प्रोग्रॅम चालवा. माझ्या मते बिल्ड शिकवायला याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही, आणि ते वर्गात जवळपास कुणी दाखवत नाही. मेनच्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये मोटर_स्टार्ट या नावापुढे यू दिसतं. मोटरच्या फाइलमध्ये त्याच नावापुढे टी दिसतं. यू म्हणजे हवं आहे पण माझ्याकडे नाही, टी म्हणजे माझ्याकडे आहे. लिंकर हे यू आणि टी जुळवतो. कागदावर दोन रकाने काढून मुलांना हाताने जुळवायला लावा. मग लिंक करताना मोटरची फाइल मुद्दाम वगळा आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येऊ द्या. त्या क्षणी वर्गात एक वेगळी शांतता होते. ज्या शब्दांना आतापर्यंत घाबरायचं, त्यांचा अर्थ कागदावर त्यांनीच काढलेल्या रकान्यात दिसत असतो.

पुढची चूक तुमच्या क्लबात हमखास होत असणार, कारण तुमचा कोड दोन्ही भाषांत आहे. मेन सी प्लस प्लसमध्ये, मोटर सीमध्ये. दोन्ही फाइली कंपाइल होतात, दोन्ही लिंकला दिलेल्या असतात, तरी अनडिफाइन्ड रेफरन्स. एनएम चालवा. मोटरच्या फाइलमध्ये नाव साधं आहे. मेनच्या फाइलमध्ये ते अंडरस्कोर, झेड, ११, मग मोटर_स्टार्ट आणि शेवटी व्ही असं झालं आहे. सी प्लस प्लस नावात कंसातल्या गोष्टींची नोंद करून ठेवतं: ११ म्हणजे नावातली अक्षरं, अंडरस्कोर धरून, आणि व्ही म्हणजे कंस रिकामा. सी तसं करत नाही, म्हणून यू आणि टी जुळत नाहीत. उपाय एक्स्टर्न सी, म्हणजे ‘हे नाव सीसारखं साधंच ठेव’ अशी सी प्लस प्लसला दिलेली सूचना. लिंकरच्या पाटीतही याची खूण असते. नावापुढे कंस छापलेला असेल तर तो सी प्लस प्लसचं नाव शोधतो आहे. एवढी एक खूण माहीत असलेला मुलगा पुढे नोकरीत अर्धा दिवस वाचवतो.

यानंतर अशा चुका तुम्हीच पेरा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ही कुणी पकडली? हेडर सापडत नाही, तर प्रीप्रोसेसर (कंपाइलच्या आधी हेडर आणून चिकटवणारा). सेमीकोलन, तर कंपायलर. अनडिफाइन्ड रेफरन्स, तर लिंकर. लिनक्सवर बिल्ड नीट होऊन चालवताना शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही म्हणाला, तर लोडर (प्रोग्रॅम चालू करताना त्याला मेमरीत आणणारा). लायब्ररी दिलेली आहे तरी सापडत नाही, तर क्रम पाहा. स्टॅटिक लायब्ररी ज्या फाइलला हवी, तिच्या आधी लिहिली असेल तर जीएनयूचा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत पुढे निघून गेलेला असतो. दुरुस्ती नंतर करू द्या. नवख्या मुलाला सगळी लाल अक्षरं एकसारखी दिसतात. कोण बोलतंय हे ओळखायला लागला की तो स्वतः शोधू शकतो.

एररचं मराठी भाषांतर करून देऊ नका, ही माझी विनंती. मूळ इंग्रजी ओळ तशीच ठेवा आणि खाली मराठीत तिचा अर्थ आणि कुणी म्हटलं ते लिहा. उद्या त्याला तीच ओळ जगभर शोधायची आहे.

सीमेक सर्वांत शेवटी, आणि तेव्हा मेकफाइल, म्हणजे मेकला लागणारी अवलंबनाची यादी, हाताने लिहून झालेली असावी. वीस फाइलींची मेकफाइल लिहून हात दुखले की सीमेक कशासाठी आहे हे विचारायला मुलं तुमच्याकडे येतील. आधी शिकवलंत तर तो आणखी एक मंत्र होईल. सीमेकने बनवलेलं बिल्डही व्हर्बोज पर्याय देऊन चालवता येतं. तिथे त्यांना आपण हाताने लिहिलेल्याच आज्ञा, थोड्या लांब, ओळखीच्या दिसतील.

मॅडमना एक काम आवर्जून द्या, कारण त्यांचा आग्रह मोलाचा आहे. सप्टेंबरच्या शेवटी एक कोरा लॅपटॉप ठेवा, स्क्रिप्ट नाही, प्रीसेट नाही. दोन-दोन मुलांनी मिळून तो दिवा लुकलुकवायचा, आणि जिथे अडले ते वहीत लिहायचं. मॅडमनी शेजारी बसायचं, हात लावायचा नाही. ती वही पुढच्या जुलैच्या मुलांसाठीची पुस्तिका म्हणून वापरा, आणि ती याच मुलांना लिहू द्या. कुठे अडायला होतं हे त्यांना आत्ता आठवतंय. आपल्याला आता ते आठवत नाही.

तुमची सध्याची सीमेकची फाइल आणि ते पाच पर्याय पाठवा. त्यातला बोर्ड निवडण्याचा पर्याय आणि ऑप्टिमायझेशनचा पर्याय मुलांनी स्वतः बदलून पाहावेत असे असतील, ते उघडे ठेवू. उरलेले तीन कशासाठी आहेत हे क्लबात कुणालाच सांगता येत नसेल, तर ते काढून बिल्ड होतं का, हे आधी करून पाहा.